कॉपरबँड बटरफ्लाय केवळ ऐप्टेशिया खाण्यासाठी आणावा का?

खाराछंद_कोथरूड (प्रश्न)

सर्व सदस्यांना नमस्कार.

माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. खालच्या सम्पमधले (गाळणी व पंप असलेल्या जोडटाकीतले) पाणी धरून साधारण २७० लिटर पाणी सतत फिरत असते. टाकी सुरू होऊन सात महिने झाले. आत दोन क्लाऊनफिश आणि एक लॉनमॉवर ब्लेनी आहे, प्रवाळ एकही नाही आणि दगड सगळे कोरडे आणून बसवलेले आहेत. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचे माप) १.०२५, चिलरमुळे तापमान २६ अंश, अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट १० ते १५ असे आकडे गेले तीन महिने स्थिर आहेत.

अडचण अशी की एका स्नेह्यांनी त्यांच्या टाकीतला एक दगड मला प्रेमाने दिला आणि त्यावरून ऐप्टेशिया, म्हणजे दगडाला चिकटून झपाट्याने पसरणारी उपद्रवी समुद्रफुले, माझ्याकडे आले. सुरुवातीला दोनच दिसत होते, म्हणून चिमट्याने खरवडून काढले. आता मोजले तर चाळीसच्या वर भरतात. ज्या दुकानातून मी सामान घेतो, तेथे सध्या आठ सेंटिमीटरचा एक कॉपरबँड बटरफ्लाय आला आहे आणि हा मासा आठ दिवसांत टाकी साफ करून देईल, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. मासा दिसायला इतका देखणा आहे की ऐप्टेशिया हे निमित्तच ठरावे, हेही प्रांजळपणे कबूल करतो.

माझ्या टाकीत हा मासा नांदेल का, तो नेमके काय खातो, आणि खाण्यासाठी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून शेवाळ व किडे असलेला एखादा जिवंत दगड आणून दिला तर चालेल का, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निळीटाकी_ठाणे

नमस्कार. गेल्या बारा वर्षांत मी तीन कॉपरबँड आणले. पहिले दोन दीड महिन्याच्या आत गेले आणि तिसरा आज सहाव्या वर्षात आहे. त्यामुळे पुढचे लिखाण थोडे लांबेल.

प्रथम या कुळाच्या तोंडाविषयी. बटरफ्लाय माशांच्या सुमारे १३० जाती आहेत आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या गटाच्या ‘कीटोडॉन’ या शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थ केसासारखे दात असलेला असा होतो. खडकावरून बारीक जीव टिपून घेण्यासाठीच हे तोंड घडलेले आहे. पाण्यात पसरलेल्या खाद्यावर क्लाऊनफिशप्रमाणे तुटून पडणे यांतल्या बहुतेकांना जमत नाही. कॉपरबँडचे मुस्कट तर कुळातही लांब. कपारीत ते घालायचे, आतला किडा किंवा कोलंबीचे पिल्लू ओढायचे, पुढच्या कपारीकडे जायचे, असा त्याचा दिवसभराचा उद्योग असतो. एका वेळी भरपूर खाऊन निवांत राहणारा हा मासा नव्हे. सकाळ-संध्याकाळ दोनदा खाद्य टाकले की झाले, ही आपली सवय त्याच्या मुळावर येते.

माझे पहिले दोन मासे रोगाने गेले असे मी बरेच दिवस समजत होतो. आता मागे वळून पाहताना वाटते की ते उपाशी मेले. दोन्ही मासे दगड टिपताना दिसत आणि मी समजत असे की खात आहेत. टिपणे आणि पोटात काही जाणे यांतला फरक माशाच्या पाठीवर दिसतो. डोक्यामागे, पाठीच्या पराच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले हवे. तेथे खोलगट भाग दिसू लागला की मासा स्वतःचे स्नायू जाळून जगत आहे, असे समजावे. पोट आत गेलेले एक वेळ भरून येते, पाठ बसलेला कॉपरबँड सावरलेला मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून दुकानात जाऊन पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात. मासा येऊन किती दिवस झाले ते विचारावे. दोन आठवड्यांपेक्षा कमी झाले असतील तर पैसे देऊन तेथेच ठेवण्याची विनंती करावी, भले दुकानदार नाराज होवो. त्याला तुमच्यासमोर खाऊ घालण्यास सांगावे. जिवंत आर्टेमिया (खाद्य म्हणून वापरले जाणारे बारीक कवचधारी जीव) बहुतेक मासे खातात, कारण हालचाल दिसली की ते टिपतातच. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) घेतो का, ही खरी परीक्षा. मुस्कटाचे टोक पिशवीत घासून सोललेले नसावे, श्वास भराभर चालू नसावा आणि डोळ्यांवर धूसरपणा नसावा. आकाराचे म्हणाल तर फार लहान मासा लवकर खंगतो आणि पूर्ण वाढलेला नव्या खाद्याकडे वळत नाही. आठ-दहा सेंटिमीटर ठीक आहे.

मासा कोठून आला हेही विचारण्यास हरकत नाही. हे जवळपास सगळे मासे समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची वाईट रीत अनेक दशके चालत आली आहे, आणि अशा माशांपैकी काही दुकानात तरतरीत दिसूनही पुढे ढासळतात.

घरी आणल्यावर पिशवी तोंड बांधलेलीच पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी. लांबच्या प्रवासातून आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया तितकासा घातक नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघडल्यावर थेंबथेंब पाणी सोडत दोन तास बसणे योग्य नाही. पुष्कळ दुकाने मासे १.०१८ ते १.०२० इतक्या हलक्या पाण्यात ठेवतात. तेव्हा दुकानातील आकडा विचारून क्वारंटाइनच्या टाकीचे पाणी आधीच तितके करावे, मासा त्यात सोडावा आणि आठवडाभरात हळूहळू १.०२५ वर न्यावे.

क्वारंटाइन किमान चार आठवडे. या माशांवर कल्ल्यांतले आणि कातडीवरचे चपटे कृमी हमखास असतात. त्यांच्यासाठी दर लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल देऊन साधारण आठवड्याने पुन्हा द्यावे लागते, पण मासा नीट खाऊ लागल्यानंतरच, कारण औषधाने भूक मंदावते. पांढऱ्या ठिपक्यांच्या क्रिप्टोकॅरिऑनसाठी तांब्याचे औषध चालते. मात्र नावात तांबे असले तरी हा मासा त्या बाबतीत नाजूक आहे. मात्रा तीन-चार दिवसांत चढवत न्यावी, रोज चाचणी करावी आणि ते पाणी कधीही मुख्य टाकीत जाऊ देऊ नये, कारण कोळंबी व इतर अपृष्ठवंशी जीव त्यात मरतात.

आता तुमच्या टाकीविषयी. दीड फूट रुंदी मला कमी वाटते. हा मासा वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. चार फूट लांबी आणि दोन फूट रुंदी, म्हणजे साडेचारशे लिटरच्या आसपास टाकी असेल तर त्याला वळता येते आणि टिपायला दगडही मिळतात. त्यातच कोरड्या दगडांनी सुरू केलेल्या सात महिन्यांच्या टाकीत बारीक किड्यांची वस्ती जेमतेम असते. वर्षभर थांबावे, असे माझे मत आहे.

बंदरवाला_दादर

ठाण्याच्या सदस्यांनी सविस्तर लिहिले आहे, त्यामुळे मी फक्त ऐप्टेशियापुरते लिहितो.

कॉपरबँड ऐप्टेशिया खातोच असे नाही. माझ्या ओळखीतल्या चार माशांपैकी दोघांनी फडशा पाडला, एकाने ढुंकूनही पाहिले नाही आणि एकाने ते सोडून शोभेचे नळीकिडे तेवढे संपवले. शिवाय ऐप्टेशिया संपल्यावर त्या माशाने काय खावे, हा प्रश्न दुकानदार विचारत नाही.

आपण चिमट्याने खरवडले म्हणून दोनाचे चाळीस झाले. पायाचा एक कण दगडावर राहिला तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. त्याऐवजी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला चुनाच, आरओच्या पाण्यात दह्याइतका दाट कालवावा. पानाच्या डबीतला चुना घेऊ नये, त्यात काय मिसळलेले आहे हे कळत नाही. पंप बंद करून सुई काढलेल्या सिरिंजने तो ऐप्टेशियाच्या तोंडावर अलगद सोडावा, म्हणजे तो मिटण्याआधी झाकला जातो, आणि पंधरा मिनिटांनी पंप सुरू करावा. चुन्याने सामू झपाट्याने चढतो, म्हणून एका दिवशी चार-पाचच उरकावेत.

उरलेल्यांसाठी पेपरमिंट श्रिंप तीन-चार सोडावेत. खरेदी करताना एवढे पाहावे की त्याच नावाने पुष्कळदा पाठीवर कुबड असलेला कॅमल श्रिंप विकला जातो. तो ऐप्टेशियाला हात लावत नाही. मूळ पेपरमिंटच्या अंगावर लाल रेघा लांबीच्या दिशेने असतात आणि पांढरे ठळक पट्टे नसतात. ही कोळंबी रात्री काम करते. सकाळी संख्या कमी दिसली तरच तिचे श्रेय द्यावे.

दक्षिणसमुद्र_टाउन्सव्हिल

मी मूळचा सांगलीचा. नोकरीमुळे नऊ वर्षे क्वीन्सलंडमध्ये आहे. समोरच्या मॅग्नेटिक बेटाभोवती मी सुट्टीच्या दिवशी नळी लावून पोहतो आणि तेथे कॉपरबँड नेहमी दिसतात, म्हणून टाकीबाहेरचे थोडे सांगतो.

छायाचित्रांतल्या स्वच्छ निळ्या पाण्यातच हा मासा राहतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात, गाळ बसलेल्या खडकांजवळही सुखाने असतो. एकटा किंवा जोडीने फिरतो, थव्याने नाही. एका खडकापाशी आला की प्रत्येक भेगेत तोंड घालून पाहतो, काही वेळा मुस्कट वर आणि काही वेळा शरीर आडवे करून. मी घड्याळ लावून एकाच माशामागे वीस मिनिटे राहिलो, तेवढ्यात त्याने टिपणे एकदाही थांबवले नाही. पाठीच्या मागच्या भागावरचा काळा डोळ्यासारखा ठिपका आणि खऱ्या डोळ्यावरून गेलेला पट्टा यांमुळे गढूळ पाण्यात त्याचे डोके कोणत्या बाजूला आहे हे क्षणभर मलाही कळत नाही.

यावरून मला दोन गोष्टी उपयोगी वाटतात. पाणी काचेसारखे स्वच्छ असण्यापेक्षा आडोसे आणि भेगा अधिक असणे त्याला मानवते. दुसरे, एका टाकीत दोन कॉपरबँड सोडू नयेत; येथे मी दोन माशांना एकमेकांभोवती पाठीचे काटे उभारून फिरताना पाहिले आहे. समुद्रात हरलेला मासा निघून जातो, टाकीत त्याला जागा नसते.

खाराछंद_कोथरूड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दुकानात जाऊन पाऊण तास माशासमोर उभा राहिलो. मासा येऊन नऊ दिवस झाले आहेत. जिवंत आर्टेमिया त्याने घेतले, गोठवलेले मायसिस तोंडात घेऊन थुंकले. पोट सपाट आहे. पाठ मात्र वरून पाहिली तर भरलेली वाटते. दुकानदाराने पैसे घेऊन तीन आठवडे तेथेच ठेवण्यास मान्यता दिली आहे, पण त्या काळात काही झाले तर जबाबदारी माझी, असेही सांगितले.

चुन्याचा प्रयोग आजपासून सुरू केला आहे. मासे बाजारातल्या तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) त्याला दिल्या तर चालतील का, हे कोणी सांगू शकेल का? किनाऱ्यावरच्या दगडाचा माझा प्रश्नही राहिला आहे.

मांडवीकाठ_पणजी

तिसऱ्या चालतात, आणि अडून बसलेल्या माशाला खाण्यावर आणण्याचा त्याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही. आमच्याकडे शिनाणे (काळ्या-हिरव्या कवचाचे शिंपले) ही मिळतात, तेही उत्तम. तोंड मिटलेल्या, म्हणजे जिवंत तिसऱ्या घ्याव्यात, गोड्या पाण्याने धुवाव्यात आणि निदान आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. त्याने पुष्कळसे परजीवी मरतात. देताना एक शिंपला उघडून मांस त्याच शिंपल्यात ठेवावे आणि दगडाच्या भेगेत असा खोचावा की फक्त फट दिसेल. ताटात वाढलेले मांस हा मासा ओळखत नाही, फटीतले ओळखतो. दोन-तीन तासांनी उरलेले काढून टाकावे, नाहीतर अमोनिया वाढेल. मासा शिंपल्याला सरावला की त्याच मांसात मायसिस दडपून द्यावे. माझ्या माशाने अकराव्या दिवशी सुटे मायसिस घेतले.

मात्र रोज फक्त तिसऱ्या देऊ नयेत. अनेक शिंपल्यांच्या मांसात ब-१ जीवनसत्त्व मोडणारे थायमिनेज असते आणि काही महिन्यांत मासा वरवर खातापिता दिसूनही कमजोर होतो. मायसिस, आर्टेमिया, बारीक चिरलेली कोळंबी असा पालट ठेवावा आणि थोडे थोडे दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. घरी दुपारी कोणी नसेल तर हाच मुद्दा सर्वांत आधी सोडवावा लागेल. पाणीही मग आठवड्याला दहा-पंधरा टक्के बदलावे लागेल.

किनाऱ्यावरचा दगड कृपया आणू नये. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील दगडावरचा चकत्यांसारखा थर प्रवाळाचा आहे की साध्या शेवाळाचा, हे आपल्याला सहसा ओळखता येत नाही. मालवणचा काही भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पावसाळ्यात आणि नदीमुखाजवळ असे दगड गाळ, सांडपाणी आणि नको ते जीव घेऊन येतात. त्यापेक्षा सम्पच्या एका कप्प्यात दिवा लावून कीटोमॉर्फा शेवाळाचा गुंता वाढवावा. त्यात बारीक कवचधारी जीव आपोआप पोसले जातात आणि रोज थोडे पंपावाटे वर जातात.

पंचफुटी_नाशिक

थोडा वेगळा विचार मांडतो. आपल्याला बटरफ्लायच हवा असेल तर कॉपरबँडचा हट्ट का? माझ्या पाच फुटी टाकीत ऑरिगा, म्हणजे थ्रेडफिन बटरफ्लाय, चार वर्षे आहे. आणल्यापासून तिसऱ्या दिवशी त्याने गोठवलेले खाद्य घेतले आणि आज तो हातातून दाणे खातो. रॅकून आणि क्लाइनी याही तशाच काटक जाती आहेत, आणि रॅकून ऐप्टेशिया बऱ्यापैकी खातो. मात्र ऑरिगा कॉपरबँडपेक्षाही मोठा होतो, त्यामुळे टाकीचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

दुकानात याहून देखण्या काही जाती दिसतील, त्यांच्यापासून दूर राहावे. ट्रायफॅशिॲलिस, ऑर्नाटिसिमस, मेयेरी, बॅरोनेसा या जाती जवळजवळ पूर्णपणे जिवंत प्रवाळावर जगतात. ट्रायफॅशिॲलिस तर ताटासारख्या पसरलेल्या अॅक्रोपोरा प्रवाळाच्या आसपास आपले राज्य करून बसतो. घरच्या टाकीत त्यांना तोंड लावायला काहीच नसते आणि दोन-चार आठवड्यांत ते संपतात. तरीही आपल्याकडे त्यांची विक्री होते, याचा मला राग येतो. केंद्र सरकारने २०१७ साली मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढून बटरफ्लायसह १५८ जातींच्या विक्रीवर निर्बंध घातले होते. पुढे ते नियम मागे घेतले गेले. त्या यादीत काटक आणि नाजूक जाती सरसकट एकत्र होत्या, म्हणून मला ती तेव्हाही पटली नव्हती. पण विक्रेत्याने निदान या चार-पाच जाती मागवू नयेत, एवढे ग्राहक म्हणून आपण सांगू शकतो.

निळीटाकी_ठाणे

नाशिकच्या सदस्यांशी जातींविषयी सहमत आहे. कोथरूडच्या सदस्यांसाठी एक पुरवणी: क्लाऊनफिशची जोडी जागा धरून बसलेली असेल तर दबकून वावरणाऱ्या नव्या कॉपरबँडला ती खाण्याच्या वेळी हुसकावते. मी पहिले दहा दिवस क्लाऊनफिश टाकीतच जाळीच्या पेटीत ठेवले होते आणि त्याचा फायदा झाला. कॉपरबँड आधी दगडांशी परिचित होऊ द्यावा, मग त्यांना मोकळे करावे.

खाराछंद_कोथरूड

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. चुना आणि पाच पेपरमिंट श्रिंप यांनी ऐप्टेशियाची संख्या नऊवर आली आहे, म्हणजे माझे मूळ काम माशाविनाच जवळजवळ झाले. पाचांपैकी दोन कॅमल निघाले, ते परत केले.

दुकानातला कॉपरबँड खोचलेल्या तिसऱ्या खाऊ लागला होता, सुटे मायसिस अजून घेत नव्हता. मी दुपारी घरी नसतो आणि टाकी दीड फुटीच आहे, हे दोन्ही विचारात घेऊन मी माझा हक्क सोडला. शिवाजीनगरच्या एका गृहस्थांनी तो नेला. त्यांची टाकी सहा फूट लांब आणि तीन वर्षे जुनी आहे, आणि आई दिवसभर घरी असतात. तिसऱ्या कशा खोचायच्या हे मी त्यांना जाऊन दाखवून आलो. मासा पहिल्या संध्याकाळी पंपाच्या मागे लपून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपला रिकामा मिळाला, असा त्यांचा निरोप आहे.

माझ्या सम्पमध्ये कीटोमॉर्फा लावला आहे. दोन फूट रुंदीच्या टाकीसाठी काच किती जाडीची घ्यावी, याचा धागा येथे आधीच असेल तर कृपया दुवा द्यावा.